नृसिंह सरांच्या तळव्यावरचं लिंबू

सोमवारी प्रार्थना आटोपून नृसिंह वाडीकर सर स्टाफरूममध्ये आले, तर त्यांच्या टेबलावर लिंबाची डहाळी ठेवलेली. ताजी, हिरवीगार, काट्यांसकट. सरांनी ती पाहिली. कुणाची तरी चुकून आपल्या टेबलावर राहिली असेल, असं मनाशी म्हणत त्यांनी ती बोटानं हळूच शेजारच्या टेबलावर सरकवली. पण ते टेबल राजवर्धन सरांचं, आणि राजवर्धन सर नेमके दारात उभे होते. खेळाचे शिक्षक ते, त्यांचा आवाज मैदानाच्या मापाचा.

"अवो, तुमचीच हाय ती! दहावीच्या तेजस्वीनं ठेवलीया. वाडीकर सर, यंदा लिंबू तुमी धरायचं!"

स्टाफरूममध्ये टाळ्या पडल्या. कुणी पाठ थोपटली, कुणी डहाळी उचलून सरांच्या शर्टाच्या खिशाला लावली. सर हसले. दुसरं करतात काय? हसता हसता ते खुर्ची धरून खाली बसले, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. आपली भीती कुणाच्या लक्षात येऊ न देण्यात नृसिंह सरांनी हयात घालवली होती.

सरनोबत डे स्कूल कोल्हापूरबाहेर, कळंब्याच्या अलीकडं, उसाच्या मळ्यांच्या मधोमध उभं आहे. ज्यांनी ते काढलं ते आबा सरनोबत मोठे तिरसट गृहस्थ. शाळा निघाली तेव्हा लोक म्हणाले, वसतिगृह काढा, पेठ वडगावकडं बघा कशा शाळा चालतात. आबा म्हणाले, "पोरानं सांजच्याला आपल्या आईच्या हातचं जेवायचं. आमी काय पोरं सांभाळायला न्हाय बसलो." झालं, वसतिगृहाचा विषय तिथंच मिटला. आजही चार वाजता घंटा होते, बसेस लागतात आणि साडेचारला त्या आवारात माळी आणि मोर सोडून कुणी नसतं. बाकी शाळेत काय नाही विचारा. रोबोटिक्सची प्रयोगशाळा आहे आणि तिच्या भिंतीला लागून तांबड्या मातीचा आखाडा आहे. बाहेरगावचे पालक आले की आधी प्रयोगशाळेचे फोटो काढतात आणि मग आखाड्याचे. मुलांचे चार गट, चार किल्ल्यांच्या नावांचे. बुधवारी गोल डबा, म्हणजे पहिलीचं पोर दहावीच्या पोरापुढं बसतं आणि दोघांनी एकमेकांचा डबा खायचा. आणि पाचवीपासून सगळ्यांना मर्दानी खेळ. लाठी, पट्टा, तलवार.

या सगळ्यांच्या वरताण म्हणजे वर्धापनदिनाचं लिंबू. फाटकाजवळ आबांनी स्वतःच्या हातानं लावलेलं कागदी लिंबाचं झाड आहे. वर्धापनदिनी सकाळी आखाड्यावर शस्त्रांची पूजा होते, झाडाचं एक लिंबू काढून त्याला कुंकू लावतात. मग दहावीतला जो तलवारीला सगळ्यांत चांगला असेल, त्यानं डोळे बांधून ते लिंबू एका घावात कापायचं. ते ठेवायचं कुणाच्या तळव्यावर, तर त्या विद्यार्थ्यानं निवडलेल्या शिक्षकाच्या. झाडाची डहाळी टेबलावर आली की निवड झाली. शिक्षकानं स्वतःच्या हातानं विद्यार्थ्याचे डोळे बांधायचे आणि त्याच्यापुढं हात पसरायचा. लिंबू एक, घाव एक. पूजेतलं लिंबू सोडून दुसरं चालत नाही. विद्यार्थ्याचा आपल्या गुरूवर आणि गुरूचा विद्यार्थ्यावर विश्वास, वगैरे वगैरे, असं निवेदनात दरवर्षी सांगतात.

मुख्याध्यापिका बाई नव्या होत्या, शिकलेल्या होत्या. त्यांनी आल्या आल्या हे बंद करायचा एक प्रयत्न केला होता. पण शाळेच्या विश्वस्तांपैकी निम्मे स्वतः हे लिंबू कापून दहावी पास झालेले. बाईंना माघार घ्यावी लागली. "काळजीचं कारण नाही सर," त्या नृसिंह सरांना म्हणाल्या, "आजवर कुणाला खरचटलंसुद्धा नाही. शिवाय मी फाटकापाशी अँब्युलन्स उभी करतेच."

अँब्युलन्सचं नाव निघालं आणि सरांना आपलाच धडा आठवला. आजवर झालं नाही म्हणून पुढं होणार नाही असं म्हणता येत नाही, हे ते स्वतःच दरवर्षी दहावीला संभाव्यतेच्या धड्यात शिकवत. फळ्यावर लिहून देत. खाली दोन रेघा मारत.

आता नृसिंह सरांविषयी जरा सांगायला हवं. आईबापांनी नाव ठेवलं नृसिंह, आणि माणूस निघाला सशाच्या काळजाचा. शाहूपुरीत राहणारा, गणितात हुशार, मनानं निर्मळ, पण भित्रा. गॅसची टाकी बदलायची वेळ आली की ते गॅलरीत जाऊन उभे राहत आणि भैरवीताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, आत टाकी बदलत. लिफ्टमध्ये ते चढत नसत. छताचा पंखा जरा करकरला की खुर्ची बाजूला घेत. तरुणपणी त्यांना वडगावच्या बाजूला एका निवासी शाळेत चांगली नोकरी चालून आली होती, पण तिथं आठवड्यातून दोनदा पोरांच्या सोबतीला झोपायला लागणार होतं. पोरांना रात्री काही झालं तर, या धास्तीनं सरांनी ती सोडली आणि सरनोबत डे स्कूल धरलं. इथं चारला सुटका होती.

पहिली कित्येक वर्षं पोरं त्यांना जुमानत नसत. वर्गात मागनं मांजराचे आवाज निघत. मग एक दिवस साप आला.

तो सहावीचा वर्ग होता. ऊसतोड चाललेली, त्यामुळं सगळे साप सैरावैरा झालेले. सर फळ्याकडं तोंड करून अपूर्णांक लिहीत होते. मागं किंकाळी उठली, त्यांनी वळून बघितलं, तर भली लांब धामण दारातनं आत आलेली आणि सरळ त्यांच्याकडं येणारी. पोरं बाकांवर चढली. सर जागचे हलले नाहीत. धामण त्यांच्या बुटावरनं गेली, कोपऱ्यात घुटमळली, पुन्हा बुटावरनंच परत दारातनं बाहेर गेली. सर हलले नाहीत. साप गेल्यावर ते घसा खाकरून म्हणाले, "हं, कुठं होतो आपण?" त्यांना खरोखरच आठवत नव्हतं आपण कुठं आहोत ते. पण पोरांनी त्याचा अर्थ काय घ्यायचा तो घेतला. संध्याकाळपर्यंत शाळाभर झालं, वाडीकर सरांच्या पायावरनं नागोबा गेला, सर हलले न्हाईत. आठवड्यात त्या धामणीचा नाग झाला, महिन्यात त्याला दहाचा आकडा आला. मांजराचे आवाज बंद झाले. "सर हलत न्हाईत" हे वाक्य प्रत्येक नवा वर्ग जुन्या वर्गाकडून शिकत गेला.

सरांनी कधी सांगितलं नाही, की बाबांनो, माझे पाय गोठले होते, पळता आलं असतं तर मी तुमच्याआधी पळालो असतो. सांगायला पाहिजे होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा वर्ग गप्प बसून त्यांच्याकडं बघत होता. ते त्यांना फार गोड वाटलं. आणि आता त्याच गोड गोष्टीनं त्यांना धरून लिंबाच्या झाडाखाली आणून उभं केलं होतं.

सोमवारी घरी गेल्यावर त्यांनी भैरवीताईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या.

"मग? नाही म्हणून सांगा."

"तसं सांगता येत नाही गं. मान असतो तो."

"हात तुमचा आहे की मानाचा?"

सर उठून हात धुवायला गेले. पाठदुखीचं सांगावं, एक दिवस आजारी पडावं, असं सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण डोळ्यांसमोर वर्ग यायचा. मागच्या बाकावरनं येणारे मांजराचे आवाज यायचे. जेवताना त्यांनी आपला उजवा हात नीट बघितला. याच हातानं खडू धरायचा, याच हातानं घास घ्यायचा. घाव बसतेवेळी हात हलला नाही तर वाचणार, आणि आपला हात हलणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गार पाण्याचा थेंब पडला तरी ते हात मागं घेत.

मंगळवारी मधल्या सुट्टीत तेजस्वी आली. उंच, सडपातळ, दोन वेण्या. तिचे वडील उदयसिंह शाळेचे विश्वस्त. ऊस आणि डेअरी, आणि आखाड्याचा भारी नाद. त्यांनीही आपल्या वेळी लिंबू कापलं होतं, आणि मुलगी पाचवीत गेली त्या दिवसापासून ते या एका वर्धापनदिनाची वाट बघत होते. कोल्हापुरातल्या बऱ्याच पोरी बोलतात तसं तेजस्वी स्वतःबद्दल पोरांसारखं बोलायची, मी येतो, मी जातो.

"सर, डहाळी बघितलासा न्हवं?"

"बघितली की." सरांनी खिशाकडं बोट दाखवलं. सुकायला लागलेली डहाळी त्यांनी आज पुन्हा लावली होती.

"तुमाला चालतंय न्हवं, सर? न्हाई म्हंजे, न्हाई चाललं तर न्हाई म्हणा. मी काय वाईट वाटून घेत न्हाई."

पोरगी आपली परीक्षा बघतेय, असं सरांना वाटलं. ते छाती काढून म्हणाले, "अगं, नागाला नाही भ्यालो, लिंबाला भिऊ काय?"

ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग "बरं सर, येतो," म्हणून गेली. गुरुवारी ती पुन्हा आली, तेच विचारलं, सरांनी तेच सांगितलं. या वेळी ती दारापर्यंत जाऊन थांबली, वळून त्यांच्या खिशावरच्या डहाळीकडं बघितलं आणि मग गेली.

त्याच दिवशी दुपारी सरांना राहवलं नाही. सराव बघावा, जरा धीर येईल, म्हणून ते प्रयोगशाळेच्या मागच्या बाजूनं आखाड्यापाशी गेले आणि भिंतीच्या आडून बघू लागले. पिराजी वस्ताद सराव घेत होते. केळीचा खुंट रोवलेला, त्याच्यावर लिंबू. तेजस्वीचे डोळे बांधलेले. वस्तादांनी तिचा हात धरून तलवारीचं पातं एकदा लिंबाला टेकवलं, अंतर समजावं म्हणून, आणि बाजूला झाले. तिनं तलवार फिरवली. लिंबाच्या दोन फोडी दोन बाजूंना पडल्या.

सरांनी श्वास सोडला. मग त्यांचं लक्ष खुंटाकडं गेलं. लिंबाच्या खाली खुंटाला चीर पडली होती, आणि तिच्यातनं चीक गळत होता. शेजारी कालच्या, परवाच्या खुंटांचे तुकडे पडले होते. काहींना चीर नव्हती. काहींना होती.

"हात जड पडतोय तुझा," वस्ताद म्हणत होते. "काय हुतंय? गेल्या महिन्यात तर एकबी चुकत नव्हतं."

तेजस्वीनं तळवा पुसला आणि मूठ पुन्हा धरली.

"त्या दिवशी हुतंय बरोबर. हलगी वाजली की अंगात येतंय." वस्तादांनी नवा खुंट रोवला.

सर भिंतीला धरून धरून परत आले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, आणि दुसऱ्या रात्रीही. डोळा लागला की केळीचा खुंट दिसायचा आणि त्याला पाच बोटं असायची.

वर्धापनदिन उजाडला. आवारात मांडव, रांगोळ्या, गटांचे झेंडे. लहान मुलांनी फेटे बांधलेले, ते सारखे डोळ्यांवर येत होते. फाटकापाशी पांढरी अँब्युलन्स उभी. सर तिच्याकडं न बघता आत गेले. पण तिचं मागचं दार उघडं होतं आणि आतली खाट त्यांना दिसायची ती दिसलीच. उदयसिंह सगळी भावकी घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी उठून सरांच्या खांद्यावर हात टाकला. हात चांगलाच जड होता.

"बिनधास्त ऱ्हावा सर. आमचं रक्त हाय ते. चुकायचं न्हाई."

सरांना रक्ताचा उल्लेख नको होता.

शस्त्रपूजा झाली. लाठी झाली, पट्टा झाला, बारक्या पोरांनी ढालीवर ढाली आपटून धुरळा उडवला. मग हलगी थांबली, आणि राजवर्धन सर हातात माईक घेऊन आखाड्याच्या मधे आले. त्यांनी गुरू, शिष्य, विश्वास हे सगळं सांगितलं. सापाचं सांगितलं. या वेळी तो साप सरांच्या गुडघ्यापर्यंत चढला होता. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि नृसिंह सर तांबड्या मातीत उतरले. अनवाणी पायांना माती गार लागली. त्यांना वाटलं, आत्ताच चक्कर यावी. पण पाहिजे तेव्हा ती येत नाही.

रिवाजाप्रमाणे तेजस्वी त्यांच्यापुढं पाठ करून उभी राहिली. सरांनी काळं फडकं तिच्या डोळ्यांवर धरलं आणि मागं गाठ मारायला लागले. गाठ बसेना. आपली बोटं थरथरतायत म्हणून बसत नाही, असं त्यांना आधी वाटलं. मग त्यांनी बोटं घट्ट दाबून स्थिर केली, तरी गाठ हलतच राहिली.

थरथरत होती ती पोरगी. डोक्यापासून खालपर्यंत. तिची मान घामानं ओली झाली होती, आणि अगदी जवळ उभं राहिल्यामुळं सरांना तिचे दात एकमेकांवर वाजलेले ऐकू आले.

"तेजस्वी," ते पुटपुटले, "काय होतंय?"

"काय न्हाई, सर." आवाज कुठून तरी खोलातनं आला. "बांधा."

त्यांनी गाठ मारली. का मारली, हे नंतर त्यांनी स्वतःला कितीदा विचारलं असेल. वस्तादांनी त्यांना तिच्यापुढं नेऊन उभं केलं, त्यांचा उजवा हात पसरायला लावला आणि कुंकू लावलेलं लिंबू तळव्यावर ठेवलं. हलगी सुरू झाली. वस्तादांनी तलवारीचं पातं लिंबाला टेकवून अंतर दाखवलं आणि ते बाजूला झाले. तेजस्वीनं तलवार वर नेली.

सर फक्त टोकाकडं बघत होते. टोक स्थिर नव्हतं. ते हवेत बारीक बारीक गोल फिरत होतं, आणि प्रत्येक गोल आधीपेक्षा मोठा होता. समोर पोरांच्या रांगा, उदयसिंहांचा मोबाइल उंच धरलेला, हलगीवाल्याचे दात. हे कुणालाच दिसत नाही? आपण इतकी धास्ती खाल्लेली आहे म्हणून ती आपल्याला दुसऱ्याच्या अंगावर लगेच ओळखू येते, असं त्यांना वाटलं, आणि त्यांचं तोंड आपोआप उघडलं.

"थांबा."

ते हळू म्हणाले होते. पण राजवर्धन सर माईक घेऊन अगदी शेजारी उभे होते. "थांबा" मांडवभर घुमलं. हलगी थांबली.

"मला जमणार नाही. मला फार भीती वाटते." तेही घुमलं. मग आता काय राहिलंय म्हणून ते पुढं बोलत गेले. "मी सापालाही भ्यालो होतो. तो नाग नव्हता, धामण होती. मला पळता आलं नाही म्हणून मी उभा होतो."

मग मागच्या रांगेतनं कुणीतरी मांजराचा आवाज काढला.

हशा उसळला. उदयसिंह उठून उभे राहिले, चेहरा लालबुंद. वस्ताद म्हणाले, "सर, डोळं मिटून घ्या, झालंच आता." आणि राजवर्धन सरांनी माईक खाली ठेवला, बाही वर केली आणि पुढं आले. "द्या इकडं ते लिंबू. मी धरतो! तेजस्वी, तशीच थांब गं!"

तेजस्वी तशीच उभी होती. डोळे बांधलेले, तलवार वर, टोक गरगरतंय. राजवर्धन सरांचा भलामोठा तळवा लिंबाकडं येत होता. तो तळवा हलणार नाही, हे खरं. पण त्यानं काय फरक पडणार होता? टोकच हलत होतं. नृसिंह सरांना हे मोठ्यानं सांगायचं होतं. पण पहिल्या रांगेत तिचा बाप उभा होता, त्याची सगळी भावकी होती, आणि पोरगी भ्यालीय असं या मांडवात म्हटलं तर तिचं पुढं काय होईल हे त्यांना क्षणात दिसलं. आपलं जे व्हायचं होतं ते होऊन गेलं होतं.

लिंबू एक. दुसरं चालत नाही.

नृसिंह सरांनी लिंबू तोंडात घातलं आणि सालीसकट कचकन चावलं.

आंबट, कडू, कुंकवाची चव. डोळ्यांतनं पाणी आलं, रस हनुवटीवरनं सदऱ्यावर ओघळला. ते मान हलवत चावतच राहिले, कुणी तोंडातनं काढून घेईल या धास्तीनं. मांडवात आधी कुणाला कळेचना काय झालं. मग पहिलीच्या पोरांपासून जे हसू सुटलं ते थेट लाडू वळायला आलेल्या बायकांपर्यंत गेलं. लोक मांड्यांवर थापा मारून हसत होते. मुख्याध्यापिका बाईंनी घाईघाईनं पुढचा कार्यक्रम सुरू करायला सांगितलं.

त्या गोंधळात पिराजी वस्ताद तेजस्वीपाशी गेले. त्यांनी तिच्या हातातली तलवार काढून घेतली. मूठ घामानं निथळत होती. वस्तादांनी मुठीकडं बघितलं, मग पोरीकडं, मग लांब उभ्या असलेल्या नृसिंह सरांकडं. तिच्या डोळ्यांवरचं फडकं सोडून ते एवढंच म्हणाले, "जा, पाणी पी जा."

उदयसिंह मात्र सरांना गाठून बोललेच. "इतकी वर्सं ही शाळा बघतोय, सर. असला शेळपट मास्तर बघितला न्हवता. माझ्या पोरीचा दिवस घालवलासा." सरांनी मान खाली घातली. तोंडात अजून लिंबाची साल होती, आणि ती गिळायची की थुंकायची हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

दुपारी ते दहावीच्या रिकाम्या वर्गात जाऊन बसले. बाहेर लाडू वाटप चाललं होतं. ओठ चुरचुरत होते. उद्यापासून मांजराचे आवाज सुरू होणार, हे धरून चालायला हरकत नव्हती. आपण ते पोरीसाठी केलं की स्वतःचा हात वाचावा म्हणून, याचा ते प्रामाणिकपणे विचार करत होते, आणि उत्तर निघत नव्हतं. ते आजही निघालेलं नाही.

दारात तेजस्वी उभी होती. फेटा उतरवलेला, डोळे सुजलेले.

"सर, येऊ?"

ती येऊन समोरच्या बाकावर बसली. मग एकदम म्हणाली, "सर, सोमवारीच नको का म्हणाला न्हाईसा?"

"म्हणजे?"

"मी तुमाला त्याच्यासाठीच निवडल्यालं."

सर ओठ पुसता पुसता थांबले.

"घरात मला न्हाई म्हणायला येत नव्हतं, सर. पप्पांनी सगळ्या पावण्यांना सांगून ठेवल्यालं. मला वाटलं, तुमी भ्याल. तुमी नको म्हणाल. मग दुसऱ्याला ठेवीन डहाळी म्हणंस्तोवर दिवस निघून जातील, न्हाईतर मॅडमच बंद करतील. आणि तुमी डहाळी खिशाला लावून हिंडलासा. मी दोनदा विचारायला आलो की तुमाला."

"पण मी भितो हे तुला," सर पुढं वाकले, "हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे? साप आलावता तवा मी पहिल्या बाकावर बसलोवतो. तुमची पँट लटालटा हालत हुती."

सर तिच्याकडं बघतच राहिले. इतकी वर्षं जी गोष्ट त्यांनी सगळ्या शाळेपासून जपली, ती या पोरीला पहिल्या दिवसापासून माहीत होती. "आणि तू कुणाला बोलली नाहीस?"

"त्यात बोलायचं काय, सर? साप हुता तो."

खिशात हात घालून सरांनी ती डहाळी बाहेर काढली. पानं चुरगळून काळी पडली होती. अख्खा आठवडा ही पोरगी त्यांच्या एका 'नको'ची वाट बघत होती, आणि ते छाती काढून नागाच्या गोष्टी सांगत होते. केळीचा खुंट त्यांच्या डोळ्यांपुढं आला, त्याच्यातनं गळणारा चीक आला. मघाशी मातीत उभं असताना वाटली नव्हती एवढी भीती आता त्यांना वाटली. गोष्ट घडून गेल्यावर, रिकाम्या वर्गात, भर दुपारी. उजवा हात थडथडायला लागला. त्यांनी तो झाकायला डाव्या हातानं धरला, आणि मग कशाला झाकायचा म्हणून सोडून दिला. टेबलावर ठेवला.

तेजस्वीनं तो बघितला. तिनंही आपला हात त्याच्याशेजारी ठेवला.

"माझाबी थांबत न्हाई, सर. सकाळपासनं."

"थांबेल," सर म्हणाले. आणि आयुष्यभराची सवय मोडून पुढं म्हणाले, "मला माहीत नाही कधी ते."

चारची घंटा झाली. बाहेर बसेस लागल्या, पोरांचा गलका फाटकाकडं निघाला. आबांच्या शिरस्त्याप्रमाणे आता सगळ्यांनी घरी जाऊन आईच्या हातचं जेवायचं होतं. त्या दोघांनाही जायचं होतं. पण हात थांबेपर्यंत दोघं तिथंच बसून राहिले.